पाच वर्षांची मोहीम, तीन सीझन

कुणालाही एखादी मालिका सुचवली की हल्ली पहिला प्रश्न येतो, "शेवट चांगला आहे का?"

गोष्ट कसली आहे, माणसं कोण आहेत, हे सगळं नंतर. आधी शेवटाची हमी हवी. मला हा प्रश्न समजतो. २०१९ साली 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या आठव्या सीझनने इतक्या लोकांचं तोंड पोळलं, की आता सगळेच ताकसुद्धा फुंकून पितात. एवढ्या रात्री जागायच्या आणि शेवटी हे बघायचं? त्यापेक्षा आधीच विचारून घेतलेलं बरं.

पण मी ज्या मालिकांवर जीव टाकते त्यांच्याबद्दल असं विचारलं की माझी पंचाईत होते. कारण त्यांतल्या निम्म्यांना शेवटच नाही. टीव्हीवरची विज्ञानकथा हा अर्धवट बांधकामांचा मुलूख आहे. यान निघतं, यानातली माणसं ओळखीची होतात, कुठल्या तरी ग्रहावरच्या भानगडीत आपला जीव अडकतो, आणि मग चॅनेलवाले आकडे बघून दुकानाला कुलूप लावतात. याउलट आमच्या आईच्या मालिका. सासू तीच, सून तीच, मध्येच वीस वर्षांची उडी मारून नातवंडं लग्नाला येतात, तरी सासूच्या केसांना पांढरा रंग म्हणून लागत नाही. आईच्या मालिका संपत नाहीत आणि माझ्या टिकत नाहीत, असा आमच्या घरातला हिशोब आहे.

तर या लेखात अर्धवट राहिलेल्या मालिकांबद्दलची माझी मतं आहेत. मतं पक्की आहेत, शास्त्रशुद्ध असतीलच असं नाही. स्पॉयलर भरपूर आहेत. ज्या मालिका माझ्या जन्माआधी किंवा मी शाळेत असताना संपल्या, त्यांचे स्पॉयलर द्यायला मला अजिबात लाज वाटत नाही.

सुरुवात 'स्टार ट्रेक'पासून करायला हवी. मूळची, १९६६ची. एपिसोड सुरू होताना कॅप्टन कर्कचा आवाज आपल्याला सांगतो, की एंटरप्राइज या यानाची मोहीम पाच वर्षांची आहे. दर आठवड्याला सांगतो. आणि मालिका तीन वर्षांत बंद पडली.

खरं तर ती दोन वर्षांतच बंद पडणार अशी कुणकुण होती. तेव्हा बीजो ट्रिंबल आणि तिचा नवरा जॉन या दोन फॅन मंडळींनी पत्रमोहीम काढली. इंटरनेट नाही, हॅशटॅग नाही. लोकांचे पत्ते जमवायचे, त्यांना पत्र कसं लिहायचं ते कळवायचं, आणि त्यांनी आणखी दहा जणांना सांगायचं. एनबीसी या वाहिनीकडे पत्रांचा असा पाऊस पडला, की मालिका पुढे चालू राहणार हे त्यांना टीव्हीवरून जाहीर करावं लागलं.

आणि मग त्यांनी तिसऱ्या सीझनला शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली. ज्या तरुण पोरांनी पत्रं लिहिली होती, ती शुक्रवारी रात्री दहाला घरात कशाला असतील? पैसेही कमी केले. २० सप्टेंबर १९६८ला फॅन मंडळी टीव्हीसमोर बसली, आणि त्यांना त्यांच्या लढ्याचं फळ म्हणून जो पहिला एपिसोड मिळाला त्याचं नाव 'स्पॉक्स ब्रेन'. यात परग्रहावरच्या बायका येऊन मिस्टर स्पॉकचा मेंदू चोरून नेतात. उरलेलं शरीर डॉक्टर मॅकॉय एका रिमोटवर चालवतो. मी खोटं सांगत नाहीये. एवढी पत्रं लिहून हे!

त्या सीझननंतर मालिका संपली. शेवटचा नवा एपिसोड ३ जून १९६९चा. दीड महिन्याने माणूस चंद्रावर उतरला.

आता मी मध्येच माझी गोष्ट का सांगतेय ते कळेलच. आपल्याकडे विज्ञानातल्या पीएचडीची फेलोशिप साधारण पाच वर्षांची असते. दोन वर्षं ज्युनिअर, तीन वर्षं सीनिअर. मी भौतिकशास्त्रात पीएचडीला लागले, कारण मला पदार्थांचे अतिशय पातळ थर आवडायचे, आणि त्याही आधी मला एंटरप्राइजचा तो पूल आवडायचा, जिथे सगळे आपापल्या पॅनेलसमोर बसून आपापलं काम मन लावून करत असतात. मला वाटायचं प्रयोगशाळा तशी असते. कधीकधी असतेही.

तिसरं वर्ष संपता संपता मी पीएचडी सोडली.

याची कारणं सांगताना लोकांना खलनायक हवा असतो. माझ्याकडे नाही. गाइड चांगले होते. पहिल्याच वर्षी मी एक घोळ घातला होता. आमच्या निर्वात कक्षाला टर्बो पंप असतो, त्याची पाती मिनिटाला हजारो फेरे घेतात. ती पूर्ण थांबायच्या आत मी हवा आत सोडली. जो आवाज आला तो अजून माझ्या कानात आहे. पंप दुरुस्तीला गेला आणि चार महिने आम्ही सगळे हातावर हात ठेवून बसलो, मी आणि माझ्यामुळे आणखी दोघं. कुणी मला फार बोललं नाही, ते जास्त वाईट होतं. पण सोडायचं कारण तेही नाही. कारण एवढंच, की तिसऱ्या वर्षी एका रात्री सॅम्पल थंड व्हायची वाट बघत बसले असताना माझ्या लक्षात आलं, आपल्याला याचं उत्तर जाणून घ्यायची इच्छा उरलेली नाही. आठवडाभर वाट पाहिली, महिनाभर पाहिली. इच्छा परत आली नाही.

२०१९च्या जूनमध्ये मी दोन बॅगा आणि एक हार्ड डिस्क घेऊन साताऱ्याला घरी आले. हार्ड डिस्क हॉस्टेलात भरलेली होती. कशी भरली ते विचारू नका.

आमचे बाबा वीज मंडळात लाइनमन म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मी सोडून आलेय हे सांगितल्यावर ते फक्त "बरं" म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले. बाबा कधी चहा ठेवत नाहीत. मग पंधरा दिवसांनी मी जिन्यात असताना ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, "हो हो, चालू आहे की. आता शेवटचं वर्ष म्हणायचं."

मी तिथेच थांबले. बाबांनी माझ्यासाठी एक शेवटचं वर्ष तयार केलं होतं.

त्यांना दोष कसा देणार? मीही तेच करत होते. शेजारच्या काकू, शाळेतल्या मैत्रिणी, दूधवाला, सगळ्यांना मी "सुट्टीवर आलेय" म्हणून सांगत होते. दोन महिन्यांची सुट्टी दूधवाल्यालाही पटत नसावी.

त्या पावसाळ्यात आम्ही दोघं टीव्हीसमोर बसायला लागलो. बोलायचं टाळायचं असेल तर टीव्हीसारखी सोय नाही. एकदा मी हार्ड डिस्क लावून 'स्टार ट्रेक' चालू केलं, तर बाबा खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "अगं, हा लांब कानवाला!" ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका लागायची. बाबा तेव्हा नोकरीत नवे होते, खोली भाड्याची, टीव्ही घरमालकांचा. इंग्रजी कळायचं नाही, पण लांब कानवाला कळायचा. "तो चिडत नाही ना कधी, म्हणून बरा वाटायचा," ते म्हणाले. मग मी शेजारी बसून मराठीत सांगायचं आणि त्यांनी बघायचं, असं सुरू झालं. 'स्पॉक्स ब्रेन' बघताना बाबा इतके हसले की ठसका लागला. "रिमोटवर चालवतायत गं त्याला! आमच्या साहेबांना असंच चालवायला पाहिजे होतं."

अर्धवट मालिकांमध्ये महाराणीचा मान 'फायरफ्लाय'चा. २००२ साली फॉक्सवर आली. चौदा एपिसोड बनले, त्यातले अकरा दाखवले आणि डिसेंबरात बंद. गोष्टीची ओळख करून देणारा दोन तासांचा पहिला भाग वाहिनीने बाजूला ठेवला आणि भलताच एपिसोड आधी दाखवला. पहिला भाग दाखवला तो सगळ्यात शेवटी. म्हणजे लग्न लागून, जेवणं होऊन, पाहुणे घरी गेल्यावर पत्रिका वाटायची. वारही शुक्रवार. गंमत म्हणजे 'फायरफ्लाय'चा पहिला दिवस २० सप्टेंबर, तोही शुक्रवार. 'स्पॉक्स ब्रेन'ला बरोबर चौतीस वर्षं झाली होती. विज्ञानकथावाल्यांनी या तारखेला अमावास्येसारखं मानायला हरकत नाही.

'फायरफ्लाय'बद्दल फॅन मंडळींमध्ये एक ठरलेलं वाक्य आहे: बरं झालं लवकर बंद पडली, नाहीतर पुढे बिघडली असती. मीही हे वाक्य वर्षानुवर्षं म्हणत आले. आता मला ते पटत नाही. आंबा कच्चा असतानाच झाडावरून पाडला आणि म्हणायचं, बरं झालं, सडला असता. चांगलीही झाली असती की! लेखकांच्या डोक्यात पुढची गोष्ट होती, नऊ माणसं त्या यानात होती, प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी राहिलं होतं. ते गेलं. नुकसान झालंय त्याला नुकसान म्हणावं. मलाही त्या दिवसांत लोक, म्हणजे ज्या दोनतीन जणांना खरं माहीत होतं ते, असंच समजावत होते. बरं झालं लवकर सोडलीस, पुढे आणखी अवघड झालं असतं. मी मान हलवायचे. मला माहीत होतं की माझं काहीतरी गेलंय. ते गेलं नाही असं म्हणणाऱ्यांपेक्षा न बोलणारे बाबा बरे वाटायचे.

मला 'फायरफ्लाय'मधली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्या यानाचा कॅप्टन माल्कम रेनॉल्ड्स युद्धात हरलेल्या बाजूचा सैनिक आहे. सेरेनिटी नावाच्या खोऱ्यात त्याची बाजू हरली, त्याची माणसं मेली. पुढे त्याने एक जुनं खटारा यान विकत घेतलं आणि त्याला नाव दिलं सेरेनिटी. ज्या लढाईत हरला तिचं नाव त्याने यानावर रंगवून घेतलं आणि त्यातून तो धंद्याला हिंडतो. हरलेली जागा लपवायची नाही, दारावर लिहून ठेवायची. हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "पानिपतावर गेलो ते म्हणतोच की आपण." बरोबर आहे. आपल्याकडे पानिपत झालं हा वाक्प्रचारच आहे. पण घराला पानिपत नाव दिलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

'फायरफ्लाय'ला फॅन मंडळींनी मरू दिलं नाही. डीव्हीडी विकत घेतल्या, एकमेकांना दिल्या, आणि २००५ साली 'सेरेनिटी' नावाचा सिनेमा झाला. २००७ साली स्टीव्ह स्वॉन्सन हा अंतराळवीर मालिकेच्या आणि सिनेमाच्या डीव्हीडी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर घेऊन गेला. चौदा एपिसोडांत बंद पडलेली मालिका पृथ्वीभोवती फिरायला लागली.

याच्या उलट टोकाला 'क्वांटम लीप'. १९८९ ते १९९३, पाच सीझन. सॅम बेकेट हा शास्त्रज्ञ स्वतःच्याच प्रयोगात अडकतो आणि काळात उड्या मारत राहतो. प्रत्येक उडीत दुसऱ्याच कुणाच्या तरी आयुष्यात उतरायचं, त्या माणसाचं बिघडलेलं काहीतरी दुरुस्त करायचं आणि पुढची उडी. दर वेळी आशा एकच, आता तरी घरी पोचू. पाच वर्षं लोक वाट बघत होते. शेवटचा एपिसोड संपताना काळ्या पडद्यावर एक ओळ येते, की डॉक्टर सॅम बेकेट कधीच घरी परतला नाही. आणि त्या ओळीत त्याच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलंय. शेवटी एक 'टी' कमी.

बाबा बराच वेळ त्या पडद्याकडे बघत होते. "नाव तरी धड लिहायचं," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण जायच्या आधी मित्राचं घर सांभाळून गेला तो." तेही खरं. शेवटची उडी सॅमने स्वतःच्या घराकडे न मारता मित्राच्या बायकोकडे मारली होती, तिचा नवरा जिवंत आहे एवढं सांगायला. मी हा एपिसोड चारदा पाहिला होता आणि चारही वेळा त्या चुकलेल्या स्पेलिंगवर चिडून बंद केला होता.

आता ज्यांनी शेवट आधीच ठरवला होता त्यांचं काय झालं तेही बघू. 'बॅबिलॉन फाइव्ह'चा निर्माता जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की याने पाच वर्षांची गोष्ट सुरुवातीलाच आखून ठेवली होती. नव्वदच्या दशकात टीव्हीवर असं कुणी फारसं करत नसे. चौथ्या सीझनमध्ये वाटायला लागलं की पाचवं वर्ष मिळणार नाही. म्हणून त्याने दीड वर्षाची गोष्ट भराभर एका वर्षात कोंबली. शेवटचा एपिसोडही चित्रित करून टाकला. आणि मग दुसऱ्या एका वाहिनीने पाचवं वर्ष दिलं! शेवट डब्यात तयार, मोठी लढाई लढून झालेली, आणि हातात मोकळं वर्ष. त्यामुळे पाचवा सीझन घरातले पाहुणे निघून गेल्यावरच्या दुपारीसारखा आहे. तरी मला तो डब्यात ठेवलेला शेवट टीव्हीवरच्या सगळ्यात सुंदर शेवटांपैकी एक वाटतो. तेव्हा आखणी असली म्हणून धक्के चुकतात असं नाही, आणि धक्के बसले म्हणून सगळं वाया जातं असंही नाही.

आणि 'डॉक्टर हू'. १९६६ साली मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना. दुसरी कुठली मालिका असती तर बंद पडली असती. यांनी काय केलं, तर म्हातारा डॉक्टर जमिनीवर कोसळतो आणि त्याच्या जागी वेगळाच माणूस उठतो. नाव तेच, यान तेच, चेहरा आणि स्वभाव नवा. एका नटाच्या आजारपणातून निघालेली ही पळवाट मालिकेचा कणा झाली. १९८९ साली बीबीसीने ती थांबवली, २००५ साली नव्याने सुरू झाली.

याच मालिकेची आणखी एक गोष्ट ऐकून बाबा हबकले. साठच्या दशकातले कितीतरी एपिसोड बीबीसीने पुसून टाकले. टेप महाग, परत दाखवायचा प्रश्न नाही, मग पुसा आणि वापरा. नव्वदहून जास्त एपिसोडांचं चित्र आज कुठेच मिळत नाही. पण आवाज मिळतो, एकूण एक एपिसोडचा. कारण त्या काळी काही फॅन पोरांनी घरच्या टीव्हीचा आवाज टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवला होता. पुढे याचं काय होईल याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांना फक्त पुन्हा ऐकायचं होतं.

ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं. बाबांचे हाताखाली शिकलेले पोरगे तिकडे कामाला होते, त्यांचे फोन यायचे. निवृत्त माणसाला एवढं महत्त्व आलेलं मी पाहिलं नव्हतं. एका संध्याकाळी बाबा फोनवर कुणावर तरी ओरडत होते, "पुढचे खांब पडलेत म्हणून मागच्या गावाला अंधारात ठेवतोस का? तार जिथवर धड आहे तिथवर तपास, आणि तिथवर चालू कर. पुढचं पुढे." फोन ठेवला आणि मला म्हणाले, "लाव गं पुढचा."

ते माझ्याबद्दल बोलत नव्हते. मला मुद्दाम ऐकवायला बाबांना जमत नाही. पण मी तो एपिसोड बघितला नाही, नुसती बसून होते.

मला 'स्टार ट्रेक'चा तिसरा सीझन आठवत होता. मेंदू चोरणाऱ्या बायकांचा, कमी पैशातला, सगळे नावं ठेवतात तो. त्या सीझनमुळेच एपिसोडांची संख्या ७९ झाली. एवढा साठा झाला म्हणून अमेरिकेतल्या छोट्या छोट्या स्थानिक वाहिन्यांना मालिका विकत घेऊन रोज दाखवता आली. सत्तरच्या दशकात शाळेतून घरी आलेल्या पोरांनी ती तिथे पाहिली, आणि मेलेली मालिका मोठी झाली. नासाच्या पहिल्या शटलला फॅन मंडळींनी पुन्हा पत्रं लिहून एंटरप्राइज हे नाव द्यायला लावलं. ते शटल फक्त चाचणीसाठी होतं, अंतराळात कधी गेलंच नाही. पण पुढची जी गेली, ती त्याच्या चाचण्यांवर गेली. म्हणजे तिसरं वर्ष वाईट होतं, हे खरं. ते नसतं तर पहिली दोन चांगली वर्षं साताऱ्यातल्या घरमालकाच्या टीव्हीपर्यंत पोचली असती का, याची मला शंका आहे.

डिसेंबरात लॅबमधल्या एका ज्युनिअरचा मेसेज आला. सोबत फोटो. निर्वात कक्षाच्या बाजूला चिकटवलेला, कडा काळ्या झालेला एक कागद. अक्षर माझं. 'टर्बो पूर्ण थांबल्याशिवाय व्हेंट उघडू नये. डिस्प्लेवर शून्य दिसलं तरी दहा मिनिटं थांबा.' एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत, कारण आमचे टेक्निशियन काका म्हणायचे की घाईत असताना माणूस आईच्या भाषेतलंच ऐकतो. तिसऱ्या वर्षी, मन उडालेलं असताना, रिकाम्या बसलेल्या रात्री मी असे सात-आठ कागद लिहून चिकटवले होते. ज्युनिअरने लिहिलं होतं, "आज पहिल्यांदा एकटीने चालवला. हा वाचला म्हणून थांबले. थँक यू."

मी फोटो बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, मग अंगठा आणि बोट लावून मोठा करून परत वाचला. "सूचना अशीच लिहायची असते," ते म्हणाले. "दहा मिनिटं हे आकड्यात दिलंस ते बरं केलंस." माझ्या तीन वर्षांच्या कामाचं हे पहिलं परीक्षण, आणि परीक्षक विषयातला माणूस होता.

म्हणून सांगते, शेवट चांगला आहे का हा प्रश्न विचारा, पण त्यावर सगळं ठरवू नका. मला कुणी विचारलं तर हल्ली मी सांगते, शेवट नाही, चौथा एपिसोड बघ. जे बनलं ते बनलंय. ते कुणी परत नेत नाही. जे बनलं नाही त्याचं वाईट वाटून घ्यावं, खुशाल घ्यावं. फक्त दोन्ही हिशोब एकाच वहीत लिहू नयेत.

२०२०च्या फेब्रुवारीत कराडला चुलतभावाचं लग्न होतं. पंगतीत बाबा माझ्या शेजारी बसलेले. समोरून वाढायला आत्या आली आणि तिने विचारलंच, "काय गं, झाली का पीएचडी?"

बाबांचा घास हातात थांबला. त्यांच्या तोंडावर 'चालू आहे' आलेलं मला दिसत होतं.

"नाही आत्या," मी म्हटलं. "तीन वर्षं केली. मग सोडली."

आत्याने माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि हातातल्या भांड्याकडे बघितलं. "बरं. बासुंदी घे मग, संपत आलीय."

आठ महिने ज्याची भीती बाळगली ते एवढंच होतं. बासुंदी खरंच संपत आली होती.

परतीच्या एसटीत बाबा खिडकीशी बसले होते. कराड मागे गेल्यावर म्हणाले, "त्या लांब कानवाल्याचे किती राहिलेत?"

"तीन. मग संपलं."

"पण तो पाच वर्षांची मोहीम म्हणतो ना?"

"म्हणतो. पण तीनच वर्षं झाली, सांगितलं होतं ना तुम्हाला."

बाबांनी जरा विचार केला. "मग दोन वर्षं शिल्लक आहेत म्हण की," ते म्हणाले आणि सातारा येईपर्यंत झोपून गेले.